हवा आहे, रक्त नाही

माझं आणि माझ्या दाजींचं तीस वर्षांचं वैर आहे, आणि दोघांनीही ते जिवापाड जपलं आहे. अक्काच्या लग्नात मी त्यांचे बूट लपवले. नवरदेवाने लाडीगोडी लावून बूट परत मागायचे असतात. हा माणूस काही बोललाच नाही. तसाच अनवाणी मांडवाबाहेर पडला, जीपमध्ये बसला आणि चोपड्याहून फैजपूरला अनवाणी गेला. बूट आमच्याकडेच राहिले. त्या दिवशी मला कळलं की आयुष्यभर पुरेल असा शत्रू आपल्याला मिळाला आहे. मी फार खूश झाले.

मेव्हणी आणि दाजींनी एकमेकांची टिंगल करावी, याला आपल्याकडे मुभा आहे. त्या मुभेचा आम्ही दोघांनी भरपूर गैरवापर केला. लोक हसायचे, त्यांना वाटायचं थट्टामस्करी चालली आहे. ती थट्टा कधीच नव्हती. मला ते कंजूष मनाचे आणि हेकट वाटायचे. त्यांना मी तोंडाळ आणि आगाऊ वाटायचे. आता पन्नाशी उलटल्यावर सांगायला हरकत नाही: दोघांचंही निरीक्षण बरोबर होतं.

मध्ये होती अक्का. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, बोलायला कमी, गायला पुढे. आई-वडील गेल्यापासून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माझ्याकडे धुळ्याला माहेरपणाला येते. आमच्या कॉलनीत निंबाच्या झाडाला झोका बांधतात. अक्का झोक्यावर बसली की बाकीच्या बायका आपोआप मागे म्हणणाऱ्या होतात. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला तिने पहिली ओळ म्हटली आणि दुसरीच्या मध्यावर थांबली. बायकांना वाटलं, शब्द विसरली. तिने दोर घट्ट धरला होता आणि ओठ जांभळट दिसत होते.

"माले दम लागस वं बाई," ती हळूच म्हणाली. "दोन वरीस व्हयनात."

"दोन वर्षं? आणि सांगितलं नाहीस?"

"घरमा सांगं व्हतं ना. बठ्ठा म्हंतस गॅस शे."

फैजपुरात तिच्या दम लागण्यावर एकमत झालेलं होतं. शेजारीण म्हणे गॅस, मेडिकलवाला म्हणे गॅस, एका डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला तोही गॅसच्या गोळीबरोबर. दाजींचं मत याहून पुढे गेलेलं होतं. ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "अंग जड झालं, वय झालं, काम नको झालं. बाकी काही नाही." हे अक्काला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. रात्री ती कण्हली की म्हणायचे, झालं सुरू.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे अक्काने मला विचारलं, "मी खरंच सोंग करस का वं?"

माणसाला स्वतःचाच दम खोटा वाटायला लागला, की समजावं कुणीतरी फार मन लावून काम केलं आहे.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला धुळ्यातल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. दाजींना विचारलं नाही. डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी करायला लावली आणि सांगितलं की हृदयाची उजवी बाजू ताणली गेली आहे, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब फार वाढला आहे. दाब का वाढला, ते शोधावं लागेल. शोधलं नाही तर उजवं हृदय थकत जाईल आणि एक दिवस थांबेल. हे त्यांनी अक्कासमोरच सांगितलं. अक्काने मान डोलावली. मला तर वाटलं तिला बरंच वाटलं.

मी दाजींना फोन केला.

"दाब? म्हणजे बीपी ना?" ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी बीपीचं मशीन विकत आणलं होतं. अक्का घरी पोचल्यापासून दिवसातून तीनदा तिच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि मला आकडा कळवायचा, असा उद्योग सुरू झाला. "एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर! तुमच्या धुयाच्या डॉक्टरले सांगा."

मी त्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं ठरवलं. माणूस केळीचा बागायतदार. "दाजी, मोटार नीट चालली आहे, मेन लाइनला दाब बरोबर आहे. पण एका प्लॉटच्या ठिबकच्या नळ्या चोंदल्या तर तिथला पाइप तट्ट फुगतो की नाही? शेजारच्या प्लॉटला त्यातलं काय कळणार? दंडाचा दाब वेगळा, फुफ्फुसाचा वेगळा."

त्यांनी "हो" म्हटलं. मला वाटलं, मी जिंकले. मग ते म्हणाले, "मेव्हणीबाई, नळ्या चोंदल्या की आम्ही ठिबकमधी ॲसिड सोडतो. सोडू का तुमच्या बहिनीत?"

एवढं करून त्यांनी अक्काला जळगावला नेऊन स्वतःच्या पसंतीच्या ठिकाणी छातीचं सीटी स्कॅन काढून घेतलं. गुठळी दिसत नाही, असा रिपोर्ट आला. तो त्यांनी मला पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र. म्हणजे प्रकरण संपलं, आता गप्प बसा.

मी तो रिपोर्ट धुळ्याच्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला. "संपलेलं नाही. ताजी मोठी गुठळी सीटीत दिसते. जुनी, वाहिनीच्या भिंतीला चिकटून वाळलेली गुठळी कधी कधी निसटते. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिनचा फुफ्फुसांचा स्कॅन करा. त्यात दोन फोटो निघतात. एक, हवा कुठेकुठे पोचते त्याचा. दुसरा, रक्त कुठेकुठे पोचतं त्याचा. रक्ताचा फोटो नीट भरलेला आला तर गुठळ्या नाहीत असं धरून चालू, मग दुसरी कारणं बघू, बहुतेक जन्मभर गोळ्या. पण हवा पोचते आणि रक्त पोचत नाही असं दिसलं, तर जुन्या गुठळ्या. आणि या आजारात ऑपरेशनने बरं व्हायची आशा असते ती याच प्रकारात."

म्हणजे अक्काचा जीव त्या दोन फोटोंमधल्या फरकावर होता.

दाजींना 'न्यूक्लिअर' शब्द ऐकूनच धाप लागली. "अणुबॉम्बवाला? घरात सून सातव्या महिन्यात आहे. हिच्या अंगात किरणं भरून माझ्या घरात आनू देनार नाही."

"मग माझ्या घरी आणीन."

"आनि मला सोडून नेनार? मी येनार. बघतो तरी काय करतात ते."

आम्ही तिघं जळगावच्या त्या सेंटरवर सकाळी पोचलो. दारावर पिवळी पाटी, त्यावर पंख्याच्या पात्यांसारखी तीन काळी पाती. दाजी त्या पाटीपासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून बसले. मी मुद्दाम पाटीखालची खुर्ची घेतली आणि मांडी घालून बसले. औषध बाहेरगावहून गाडीने येतं, ते यायचं होतं. ते दर सहा तासांनी निम्मं होतं, असं तिथे लिहिलेलं होतं. दाजी मला म्हणाले, "तुमची जीभ बी अशी निम्मी झाली असती तर." मी पाटीखाली मांडी आणखी ऐसपैस केली.

स्कॅन करणारी बाई माझ्याच वयाची, आवाज बस कंडक्टरसारखा. तिने अक्काला सांगितलं, "नाकाला चिमटा लावणार. तोंडात ही नळी धरायची. औषधाची वाफ येईल, ती श्वासाने आत घ्यायची. थुंकी गिळायची नाही, आली तर सांगा, पुसायला देते. तोंडात काही नाही ना?"

अक्काने एकदा दाराकडे पाहिलं. दारात दाजी उभे होते. तिने नाही म्हणून मान हलवली.

पहिले फोटो निघायला लागले. पलीकडच्या खोलीतला पडदा आम्हाला खुर्च्यांवरून काचेतून दिसत होता. दोन फुफ्फुसं मंद उजळलेली, आणि त्यांच्याखाली डावीकडे की उजवीकडे, आरशासारखं उलटसुलट दिसतं म्हणून मला सांगता येत नाही, पण एक लखलखीत गोळा. एवढा तेजस्वी की फुफ्फुसं त्याच्यापुढे फिकी पडली.

दाजी खुर्चीवरून उठले. मी त्यांना एवढं उंच कधी पाहिलं नव्हतं.

"पोट! ते पोट आहे! काय म्हनत होतो मी? दोन वर्षं बोंबलू राह्यलो, पोटातला गॅस आहे, पोटातला गॅस आहे. आता सरकारी अणूबी तेच म्हनू राह्यला!" आणि त्यांनी तिथल्या तिथे फैजपूरला मुलाला फोन लावला. "निदान झालं. मी म्हनलो तेच."

माझा चेहरा पडला. खरंच पडला. माणूस एवढा मूर्ख आणि तरी बरोबर असू शकतो, हे मला मान्यच करवेना.

तेवढ्यात तिथल्या डॉक्टरीण बाई आल्या. पडद्याकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला आणि अक्काजवळ गेल्या. "आजी, औषध गिळलंत ना तुम्ही? थुंकीबरोबर पोटात गेलंय. तोंडात काय होतं?"

अक्काने ओठ मिटून घेतले.

"तंबाखू?"

"मिसरी," अक्का म्हणाली. एवढ्या हळू की तिघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

आता गोष्ट अशी, की अक्काने मिसरी सोडली आहे असं तिने दाजींना चार वर्षांपूर्वी शपथेवर सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी मनाला धीर यावा म्हणून तिने चिमूटभर ओठाखाली दाबली. नवरा दारात उभा, म्हणून थुंकायची सोय नाही. म्हणून गिळली, आणि गिळली ती किरणांसकट.

"तू तर सोडली होती!" दाजी ओरडले.

"तुम्ही दारात कसाले उभे होतात?" अक्का म्हणाली.

चार वर्षांची चोरी, आणि ती पकडली कुणी, तर अणूने. मी भिंतीला टेकून हसले, कंडक्टर बाईही हसली, आणि दाजींना मुलाला पुन्हा फोन करून 'निदान झालं नाही' असं सांगावं लागलं. मी कान देऊन ऐकत होते. त्यांच्याइतका छोटा फोन मी कुणाचा ऐकला नाही.

पोटातल्या गोळ्याने बिघडलं काही नाही, फुफ्फुसांचे फोटो वाचता येत होते. मग दंडात सुई देऊन दुसरं औषध सोडलं, आणि अक्का पुन्हा त्या यंत्राखाली पडून राहिली. समोरून, मागून, दोन्ही कुशींवरून. पाऊण तासाने डॉक्टरीण बाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि दोन फोटो शेजारी शेजारी लावले.

डावीकडच्यात फुफ्फुसं भरलेली, सपाट राखाडी. उजवीकडच्यात तीच फुफ्फुसं, पण शेळीने कडेकडेने खाल्लेल्या पानासारखी. इथे एक लचका, तिथे एक, खाली तर मोठीच खांडोळी गायब.

"इथे बघा," त्या म्हणाल्या, "इथे हवा आहे, रक्त नाही. इथेही. इथेही. जुन्या गुठळ्यांचा संशय दाट आहे. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना पाठवते, ते पुढच्या तपासण्या सांगतील."

दाजी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मशीन जुनी असंल."

अक्काने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने डॉक्टरीण बाईंना विचारलं, "म्हणजे मी सोंग करत नव्हते?"

"नाही हो आजी. एवढ्या जागी रक्त जात नसताना तुम्ही स्वयंपाक करत होतात, याचंच मला नवल वाटतं."

अक्काने बोट पुढे केलं आणि पडद्याला न लावता एकेक लचका मोजला. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजला. मी हसायचं विसरून गेले.

बाईंनी सांगितलं की पाणी भरपूर प्या, आजचा दिवस गरोदर सुनेपासून जरा अंतर ठेवा, उद्यापासून काही नाही. दाजींनी स्वतःच्या अधिकारात त्याचे दहा दिवस केले. म्हणून मी अक्काला पारोळ्यामार्गे धुळ्याला घेऊन आले, आणि दाजीही आले, कारण मला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्यायचं नव्हतं.

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "या गुठळ्या बहुतेक पायातून वर गेलेल्या असतात. मागे कधी एक पाय सुजला होता का? मी पहिल्या दिवशीही विचारलं होतं, तेव्हा नाही म्हणालात."

पहिल्या दिवशी नाही म्हणाले ती मी. अक्काला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच देत होते. आणि मी खोटं बोलले नव्हते, मला आठवलंच नव्हतं. माझ्या हिशेबी तो पाय बरा झालेला होता. मीच तो बरा केला होता.

त्याच्या तीन वर्षं आधी अक्काचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, आणि आठ-पंधरा दिवसांत डावा पाय पोटरीपासून सुजून खांबासारखा झाला. मी मोठ्या ऐटीत फैजपूरला गेले. लसूण घालून तीळतेल कडवलं आणि आठ दिवस तो पाय खालून वर, खालून वर, जोर लावून चोळला. दाजी म्हणाले होते डॉक्टरला दाखवू. मी म्हणाले होते, तुम्हाला काय कळतं बायकांचं? सूज उतरली. मी माझं कौतुक साऱ्या नातेवाइकांत करून घेतलं.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी खाली मान घालून पर्सची चेन उघडझाक करू लागले. मी मान वर केली तर दाजी माझ्याकडेच बघत होते. त्यांनाही आठवलं होतं. इतका आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर तीस वर्षांत पाहिला नव्हता.

"सुजला होता ना," ते सावकाश म्हणाले, एकेक शब्द चघळत. "आमच्या मेव्हणीबाईंनी चोयला. आठ दिवस. तेल लावून. मी म्हनलो डॉक्टरकडे नेतो, तर मला घराबाहेर काढलं. माझ्या घराच्या बाहेर."

"दाजी—"

"चोयला का नाही? बोला की. एरवी बोलता."

"चोळला," मी म्हणाले.

डॉक्टरांनी हात वर केला. "त्या चोळण्याने गुठळी सुटली की आपोआप सुटली, हे आज देवही सांगू शकणार नाही. पण एकच पाय अचानक सुजला तर चोळायचा नाही, लगेच दाखवायचं. एवढं दोघांनी लक्षात ठेवा."

"हिनं मारली असती तिला," दाजी म्हणाले.

"आणि तुम्ही दोन वर्षं काय करत होतात?" मी ओरडले. "ओट्यावर बसून बायकोचा तमाशा करत होतात!"

मग आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. मला आठवतं, मी त्यांना केळीचा घड म्हणाले आणि ते मला काहीतरी म्हणाले ते मी लिहिणार नाही.

"बसा," अक्का म्हणाली.

आम्ही बसलो.

ती डॉक्टरांकडे वळली. "ऑपरेशन कुठे होतं? मी करणार."

त्यांनी सांगितलं: मोठ्या शहरात, अजून तपासण्या होतील, उजव्या हृदयात नळी घालून दाब मोजतील, ऑपरेशन दिवसभर चालतं, धोका आहे. तोपर्यंत रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. तिने सगळं ऐकलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "माझा मुलगा येईल सोबत. हे दोघं नाही. तिथे मला शुद्धीवर आल्यावर यांची भांडणं ऐकायची नाहीत."

दाजी म्हणाले, "मी नवरा आहे."

"व्हय. म्हणूनच."

मी तोंड उघडलं, तर तिने बोट दाखवलं. "तू फैजपूरले ऱ्हायजो. सुनेचं बाळंतपण करजो आनि यास्ले दोन येळ खावाले घालजो."

यापेक्षा कठोर शिक्षा कुठल्या न्यायाधीशाने कुणाला दिली नसेल, आणि तीही दोघांना एकदम.

पुढच्या महिन्यांत नात झाली, तपासण्या झाल्या, तारीख मिळाली. ऑपरेशनच्या दिवशी मी आणि दाजी फैजपूरच्या घरात होतो. मी वरण केलं. ते म्हणाले पातळ आहे. मी म्हणाले, नदी समजून पार करा. त्यांनी ताट सारलं. मी ते उचलून झाकून ठेवलं. दुपारी त्यांनी स्वतःच झाकण काढून थंड वरण खाल्लं, माझ्याकडे पाठ करून. संध्याकाळी दिवेलागणीला भाच्याचा फोन आला की गुठळ्या काढल्या, आई मशीनवर आहे, वाट बघा. दाजींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, तिकडून बंद झाला तरी. मी तो त्यांच्या हातातून काढून चार्जिंगला लावला. तो माझा उदारपणा नव्हता. पुन्हा वाजला तर तो चालू हवा होता.

सहाव्या दिवशी अक्काचा फोन आला. दाजींनी स्पीकर लावला. तिने तिकडून सुरुवात केली, की नातीला दुपट्यात नीट गुंडाळता का, वाटीतलं कैरीचं रायतं संपलं असेल तर लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू नका, सुनेला मेथी द्या, गोळ्यांचा कागद कपाटात आहे तो कुणी हरवू नका, आणि तुम्ही दोघांनी अजून एकमेकांना जिवंत कसं ठेवलंय ते मला समजत नाही, माणसं आहात का जनावरं, शेजारपाजार काय म्हणत असेल.

ती थांबली नाही. दम घ्यायला कुठेच थांबली नाही. दाजी फोनकडे बघत होते आणि मी दाजींकडे.

"बोलत का नाही कुणी?" अक्का ओरडली. "मेलात का?"

मी फोनकडे हात नेला. दाजींनी तो ओढून स्वतःकडे घेतला.

"सरका तिकडे," ते म्हणाले. "माझ्या बायकोचा फोन आहे."

"माझ्या बहिणीचा आहे," मी म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूने ओढला.